साडी एकच, कर प्रत्येक राज्याचा वेगळा : ऑनलाइन विक्रीवरच्या कराबद्दल चर्चा

रानजाई (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी,

मी न्यू जर्सीत राहते आणि घरूनच साड्यांचा व्यवसाय करते. येवल्याच्या पैठण्या, महेश्वरी, इरकल आणि जोडीला थोडे दागिने : ठुशी, नथ, मोत्याची कानातली. जाऊबाई नाशिकला असतात, त्या विणकरांकडे जाऊन माल निवडतात आणि पाठवतात. काही विक्री माझ्या स्वतःच्या वेबसाइटवरून होते, काही एका मोठ्या मार्केटप्लेसवरून.

कर भरायला माझी ना नाही, हे आधीच लिहून ठेवते. रस्ते, शाळा, वाचनालयं त्याच पैशांवर चालतात. शिवाय हा कर माझ्या खिशातून जात नाही. गिऱ्हाइकाकडून घ्यायचा आणि सरकारला पोचवायचा. अडचण आहे ती किती घ्यायचा हे ठरवण्यात.

चारशे डॉलरची एक पैठणी घ्या. न्यू जर्सीत कपड्यांवर विक्रीकर नाही, त्यामुळे एडिसनच्या गिऱ्हाइकाला कर शून्य. तीच साडी न्यूयॉर्क शहरात गेली की हिशेब पालटतो. तिथे ११० डॉलरच्या आतला कपडा करमुक्त, पण किंमत ११० किंवा त्याहून जास्त झाली की पूर्ण रकमेवर कर. शहराचा एकूण दर ८.८७५ टक्के, म्हणजे साडेपस्तीस डॉलर. बोस्टनला पाठवली तर? मॅसॅच्युसेट्स कपड्याच्या किमतीतले पहिले १७५ डॉलर सोडून देतं आणि वरच्या रकमेवर ६.२५ टक्के घेतं. २२५ डॉलरवर १४ डॉलर ६ सेंट. कॅलिफोर्नियात कपड्यांना सवलतच नाही. किमान दर ७.२५ टक्के, त्यावर गावागणिक स्थानिक कर चढतो. म्हणजे २९ डॉलर तर नक्कीच, पुढे गाव बघून.

आणि पेनसिल्व्हेनिया. तिथे रोजच्या वापराचे कपडे करमुक्त आहेत, समारंभाचे औपचारिक कपडे करपात्र. आता पैठणी कुठे बसवायची? लग्नात नेसतात म्हणून औपचारिक? मग इरकल रोजची म्हणून सुटली का? आणि महेश्वरी, जी एक बाई ऑफिसला नेसते आणि दुसरी मुंजीला? नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे वेडिंग गाऊन आणि टक्सिडो होते. साडी ही एकच वस्तू रोजची आणि सणाची दोन्ही असू शकते, याचा विचार त्या नियमात नाही. राज्याचा ६ टक्के, फिलाडेल्फियात एकूण ८ टक्के. चारशेच्या साडीवर शून्य की ३२ डॉलर, हे मी एकटीने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून ठरवायचं.

त्यात पाठवणावळ आहेच. न्यूयॉर्कच्या गिऱ्हाइकाने ९० डॉलरची सुती साडी आणि एक कानातल्यांचा जोड एकत्र मागवला. साडी करमुक्त, कानातली करपात्र. दोन्ही एका पार्सलमध्ये आणि शिपिंगची बिलात एकच ओळ, तर अख्ख्या शिपिंगवर कर लागतो. कॅलिफोर्नियात शिपिंग वेगळं दाखवून बाहेरच्या वाहकाकडून पाठवलं तर सहसा लागत नाही. टेक्सासात लागतो.

इथे बरेच जण छोटे व्यवसाय करतात : कुणी दिवाळी अंक मागवून विकतं, कुणी फराळ, कुणी पैंजण-जोडवी. तुम्ही हे कसं सांभाळता? भारतातून थेट परदेशी विकणाऱ्यांनीही लिहा.

---

ओवी (टेक्सास)

रानजाई, बाळबोध प्रश्न आहे. मार्केटप्लेसवरच्या विक्रीचा कर तर तेच कापून भरतात ना? मग सगळा माल तिथेच का लावत नाही?

---

रानजाई (न्यू जर्सी)

ओवी, बरोबर आहे, तो कर तेच गोळा करून भरतात. राज्यव्यापी विक्रीकर असलेल्या सगळ्या राज्यांनी तसे कायदे केलेत. सगळ्यात शेवटी मिसुरीने, जानेवारी २०२३ पासून.

पण कमिशन बरंच जातं आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाईक त्यांचं होतं. पैठणी घेणारी बाई आधी फोन करते, पदरावर मोर आहे की मुनिया विचारते, काठाचा फोटो उजेडात काढून मागते. ते नातं मला माझ्याकडे हवं आहे.

साठ्याचाही प्रश्न आहे. माल त्यांच्या गोदामात ठेवला की ते त्यांच्या सोयीने तो दुसऱ्या राज्यातल्या गोदामात हलवतात. माझ्या चार साड्या तिथल्या फळीवर पडल्या की त्या राज्यात माझं प्रत्यक्ष अस्तित्व आहे असं बरीच राज्यं धरतात. एरवी बाहेरच्या विक्रेत्याला त्या राज्यातली विक्री ठरावीक मर्यादेपुढे गेल्यावरच कर गोळा करावा लागतो. पण माल तिथे असला की ती मर्यादा राहत नाही, माझ्या वेबसाइटवरून तिथे गेलेल्या पहिल्या साडीपासून कर लागू होऊ शकतो. म्हणून साठा घरातच ठेवते.

---

डोंगरवाट (इलिनॉय)

रानजाई, तुमचं सगळं पटतं, पण दुसरी बाजू मी रोज बघतो म्हणून लिहितो. मी इथल्या एका लहान गावाच्या नगरपालिकेत हिशेबाचं काम करतो.

हा वाद इंटरनेटच्या आधीचा आहे आणि त्यातला एक गाजलेला खटला आमच्याच राज्याचा. नॅशनल बेलस हेस ही टपालाने कॅटलॉग पाठवून माल विकणारी मिसुरीची कंपनी. इलिनॉयने तिला सांगितलं, आमच्या रहिवाशांकडून कर गोळा करून द्या. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ज्या राज्यात तुमचं दुकान नाही, माणूस नाही, तिथला कर गोळा करायला ते राज्य तुम्हाला भाग पाडू शकत नाही. १९९२ मध्ये ऑफिसचं सामान विकणाऱ्या क्विल कंपनीच्या खटल्यात नॉर्थ डकोटा हरलं आणि तोच नियम कायम राहिला. त्या कंपनीच्या काही फ्लॉपी डिस्क त्या राज्यातल्या गिऱ्हाइकांकडे होत्या. तेवढ्याने प्रत्यक्ष अस्तित्व सिद्ध होत नाही असं ठरलं.

लोकांचा समज झाला की ऑनलाइन खरेदीवर कर नाहीच. तसं कधीच नव्हतं. विक्रेत्याने घेतला नाही तर गिऱ्हाइकाने स्वतः 'यूज टॅक्स' म्हणून भरायचा होता, अनेक राज्यांच्या आयकर विवरणपत्रात त्यासाठी रकाना आहे. भरणारे फारच थोडे.

याचा फटका कुणाला बसला? आमच्या गावात बुटांचं एक दुकान होतं. लोक यायचे, मुलांच्या पायाचं माप घ्यायचे, तीन-चार जोड घालून बघायचे आणि घरी जाऊन तोच बूट ऑनलाइन मागवायचे. किंमत तीच असली तरी कराचे आठ-नऊ टक्के वाचायचे. दुकानदार सचोटीने कर घेत होता म्हणूनच त्याचा माल महाग. शेवटी त्याने दुकान बंद केलं.

इलिनॉयचा मूळ दर ६.२५ टक्के. त्यातला १ टक्का गावाचा, पाव टक्का काउंटीचा, उरलेला राज्याचा. गावातली विक्री घटली की तो टक्का आटतो, आणि आम्ही बर्फ उपसायच्या गाडीची दुरुस्ती पुढच्या वर्षावर ढकलतो. जून २०१८ मध्ये साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर (ही ऑनलाइन फर्निचर विकणारी कंपनी) खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी जुना नियम मोडला. राज्यात दुकान नसलं तरी तिथली विक्री पुरेशी असेल तर राज्य कर गोळा करायला लावू शकतं, असं ठरलं. २०२१ पासून आमच्या राज्यात बाहेरच्या विक्रेत्यांना आणि मार्केटप्लेसना गिऱ्हाइकाच्या गावाचा स्थानिक दर लावावा लागतो. त्यानंतर गावाच्या खात्यात पडलेला फरक मी स्वतः नोंदवलेला आहे. त्यामुळे हा कर गोळा करणं लहान विक्रेत्यांसाठी फार किचकट आहे, म्हणून सोडून द्या, असं कुणी म्हटलं की मला ते मान्य होत नाही.

---

मुशाफिर (लंडन)

डोंगरवाट यांचा प्रतिसाद आवडला. इंग्लंडमध्ये याचीच दुसरी आवृत्ती झाली होती. बाहेरून आलेल्या १८ पौंडांपर्यंतच्या पार्सलवर व्हॅट माफ होता. टपालखात्याला क्षुल्लक रकमांसाठी राबवू नये, हा मूळ हेतू. पण कंपन्यांनी सीडी आणि डीव्हीडी जर्सी, गर्न्सीसारख्या चॅनल बेटांवर नेल्या आणि तिथून इंग्लंडातल्या गिऱ्हाइकांना टपालाने विकायला लागल्या. रेकॉर्डची स्वतंत्र दुकानं व्हॅट भरत बसली. मर्यादा आधी १५ पौंड केली, आणि एप्रिल २०१२ पासून बेटांवरच्या मालाची सवलत बंद. २०२१ च्या जानेवारीपासून तर ती सवलत कुणालाच नाही. आता १३५ पौंडांपर्यंतच्या मालावर विक्रीच्या वेळीच व्हॅट घ्यायचा, मार्केटप्लेसने किंवा परदेशी विक्रेत्याने इथे नोंदणी करून.

लहान रक्कम सोडून द्या म्हटलं की मोठे लोक तिथेच घुसतात, हे मी जवळून बघितलंय.

---

आकडेमोड (पुणे)

मी सीए आहे. लहान ऑनलाइन विक्रेते हेच माझे बरेचसे अशील, म्हणून भारताची बाजू मांडतो.

रानजाई, तुमचा मूळ त्रास आमच्याकडे नाही, हे मान्य करायला हवं. जुलै २०१७ ला जीएसटी आल्यापासून साडी येवल्याहून गडचिरोलीला जावो की गुवाहाटीला, दर तोच. राज्याबाहेर गेली तर केंद्र आणि राज्याच्या वेगवेगळ्या सीजीएसटी-एसजीएसटीच्या जागी एकत्रित आयजीएसटी लागतो आणि राज्याचा वाटा माल जिथे वापरला जातो त्या राज्याला मिळतो. गिऱ्हाईक नोंदणीकृत नसेल तर बिलावरचा त्याचा पत्ता धरायचा, हे ऑक्टोबर २०२३ पासून कायद्यात स्पष्ट लिहिलंय. साडी न शिवलेली म्हणून कापडात मोडते, ५ टक्के. रोजची की लग्नाची हे कुणी विचारत नाही.

पण आमच्याकडे दारातच अडवतात. सांगलीची एक बाई घरी कांदा-लसूण मसाला करते. महाराष्ट्रात वस्तू विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. पण तिने तोच मसाला मार्केटप्लेसवर टाकला की पहिल्या पाकिटापासून नोंदणी सक्तीची, असा नियम होता. ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यांना सूट मिळाली. तरी जवळचं बेळगाव पडलं कर्नाटकात. तिथल्या मावशीने दोन पाकिटं मागवली की विक्री आंतरराज्य झाली, जीएसटी क्रमांक हवा, विवरणपत्रं भरायला हवीत, महिन्यात विक्री नसली तरी शून्याचं विवरणपत्र हवं. साउथ डकोटा आता बाहेरच्या विक्रेत्याला तिथल्या एक लाख डॉलरच्या विक्रीपर्यंत हात लावत नाही. आमच्या या बाईंना राज्याची हद्द ओलांडताना एक रुपयाचीही मोकळीक नाही.

शिवाय मार्केटप्लेस तिच्या पैशांतून टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापतं. आधी १ टक्का होता, जुलै २०२४ पासून अर्धा टक्का. तो परत मिळतो, पण पोर्टलवर जाऊन तो घ्यावा लागतो, आणि तोवर तिचं भांडवल अडकतं. गोदामाचंही तुमच्यासारखंच आहे. कर्नाटकातल्या गोदामात माल ठेवायचा तर कर्नाटकात वेगळी नोंदणी.

तेव्हा दर सोपा केला म्हणजे काम झालं असं नाही. उंबरठा कुठे आहे हेही बघायला हवं.

---

ओवी (टेक्सास)

सांगलीच्या बाईंचं वाचून वाईट वाटलं. आमच्या मावशींचंही असंच झालं. बेळगावला आपलीच माणसं, पण हिशेबात परराज्य.

---

राईनकाठ (जर्मनी)

युरोपातून लिहिते. मी विकत नाही, मागवते.

१ जुलै २०२१ पर्यंत २२ युरोपर्यंतचं पार्सल करमुक्त यायचं. मग ती सवलत गेली. आता १५० युरोपर्यंतच्या मालासाठी आयओएसएस नावाची सोय आहे. परदेशी विक्रेत्याने कोणत्याही एका देशात नोंदणी करायची, गिऱ्हाइकाच्या देशाचा व्हॅट विकतानाच घ्यायचा आणि महिन्याचं एकच विवरणपत्र द्यायचं. सत्तावीस देशांसाठी एकच खिडकी. कल्पना खरोखर चांगली आहे. पण भारतातल्या विक्रेत्याला त्यासाठी युरोपातला मध्यस्थ नेमावा लागतो, त्याची फी असते, आणि पुण्यातलं भाजणी-चकलीचं दुकान ते कशाला करेल?

मग काय होतं बघा. मी ३० युरोचा फराळ त्या दुकानातून मागवला. खाद्यपदार्थांवर इथे ७ टक्के, म्हणजे दोन युरो दहा सेंट. तो कर टपालवाल्याने दारात घेतला, आणि कर वसूल करून दिल्याचं हाताळणी शुल्क वेगळं लावलं. ते शुल्क कराच्या दुपटीहून जास्त. सरकारला दोन युरो मिळावेत म्हणून मी आठेक युरो मोजले. तोच डबा आईने घरून भेट म्हणून पाठवला असता तर ४५ युरोपर्यंत काही लागलं नसतं. चकली तीच.

विक्रेत्याला झेपत नसेल तर तो खर्च गिऱ्हाइकावर येतो आणि मधला माणूस कमावतो. इतका चांगला आराखडा असूनही लहान दुकानापर्यंत तो पोचला नाही.

---

पायताण (कोल्हापूर)

आम्ही चप्पल करून विकतो. दोन पिढ्यांचं काम, ऑनलाइन मी सुरू केलं.

अमेरिकेत ८०० डॉलरच्या आतल्या पार्सलवर आयात शुल्क नव्हतं, म्हणून एक-एक जोड पोस्टाने पाठवणं परवडायचं. २९ ऑगस्ट २०२५ पासून ती सवलत सगळ्याच देशांसाठी बंद झाली. शुल्क कुणी आणि कसं गोळा करायचं याची व्यवस्थाच तयार नव्हती. विमान कंपन्या पार्सल घेईनात. आपल्या टपालखात्याने अमेरिकेची बहुतेक बुकिंग थांबवली, पत्रं आणि १०० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू तेवढ्या चालू ठेवल्या. नंतर त्याही काही काळ अडकल्या. ऐन गणपती-दिवाळीचा हंगाम. बांधून ठेवलेले जोड, वर गिऱ्हाइकाचं नाव लिहिलेलं, तसेच कपाटात. काहींचे पैसे परत केले. १५ ऑक्टोबरला बुकिंग पुन्हा सुरू झालं, ते शुल्क आधीच इथे भरून घेण्याच्या पद्धतीने. त्यात एक बरं झालं, गिऱ्हाइकाला दारात पैसे मोजावे लागत नाहीत.

पण लोकांना समजावणं अवघड. हे शुल्क वॉशिंग्टनचं, आणि तुमच्या राज्याचा विक्रीकर निराळा, तो सीमेवर घेतच नाहीत. मार्केटप्लेसवरून घेतलं तर त्यांनी लावलेला असतो, माझ्या साइटवरून घेतलं तर मी लावलेला नसतो, कारण कोणत्याही राज्यात माझी विक्री त्या मर्यादेजवळ जात नाही. तरी कुणी विचारतं, "मी कर दोनदा भरतोय का?"

रानजाईताई, परदेशी विक्रेत्यालाही ती एक लाख डॉलरची मर्यादा लागू असते ना?

---

रानजाई (न्यू जर्सी)

पायताण, हो, लागू असते. राज्यं विक्रेता कोल्हापूरचा की कॅन्ससचा हे बघत नाहीत, त्या राज्यात किती विकलं ते बघतात. आणि दोन देशांमधला दुहेरी करारोपण टाळण्याचा करार आयकराचा आहे, राज्यांच्या विक्रीकरापासून तो वाचवत नाही.

मात्र नुसते डॉलर बघून थांबू नका. काही राज्यांत "एक लाख डॉलर किंवा २०० व्यवहार" अशी अट आहे. माझ्या न्यू जर्सीतही तीच. यातलं 'किंवा' घातक आहे. पंधरा डॉलरची जोडवी विकणाऱ्या बाईच्या २०० ऑर्डर म्हणजे तीन हजार डॉलर. नफा किती, पाचसातशे? आणि तेवढ्यावर एका परक्या राज्यात नोंदणी, विवरणपत्रं, विक्री नसली तरी शून्याचं विवरणपत्र. महाग माल विकणारा सुटतो आणि स्वस्त माल विकणारा आधी अडकतो. ज्या साउथ डकोटाने हा आकडा आणला त्यांनीच तो जुलै २०२३ पासून काढून टाकला. इंडियानाने आणि नॉर्थ कॅरोलायनाने २०२४ मध्ये काढला. दुसरीकडे टेक्सास आणि कॅलिफोर्नियाची मर्यादा पाच लाख डॉलर. न्यूयॉर्कची पाच लाख डॉलर आणि शंभराहून जास्त व्यवहार, तिथे दोन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात.

डोंगरवाट, तुमच्या गावाच्या बुटांच्या दुकानाबद्दल मला खरंच वाईट वाटतं, आणि तो कर गावाला मिळायलाच हवा. आपलं भांडण तिथे नाहीच. पण वेफेअरचा निकाल नीट वाचला तर तो लिहिणाऱ्या न्या. केनेडींनी राज्यांना मोकळं रान दिलेलं दिसत नाही. साउथ डकोटाच्या कायद्यात काय काय आहे ते त्यांनी मोजून दाखवलं. लहान विक्रेत्याला वगळलंय, मागच्या वर्षांचा कर मागत नाही, आणि ते राज्य विक्रीकर सोपा करण्यासाठी राज्यांनी आपसात केलेल्या स्ट्रीमलाइन्ड करारात आहे. म्हणजे राज्यभर एकच वसुली यंत्रणा, वस्तूंच्या समान व्याख्या, राज्याच्या खर्चाने सॉफ्टवेअर, आणि ते वापरूनही चूक झाली तर विक्रेत्यावर जबाबदारी नाही.

निकाल लागला आणि ज्या राज्यांत यातलं बरंचसं नव्हतं त्यांनीही कर मागायला सुरुवात केली. त्या करारात दोन डझन राज्यं आहेत, न्यू जर्सी आहे. न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, टेक्सास, फ्लोरिडा, तुमचं इलिनॉय नाहीत. म्हणजे जिथे गिऱ्हाईक सगळ्यात जास्त, तिथेच त्या सोयी नाहीत. कोलोरॅडोत तर स्वायत्त शहरं स्वतःचा कर स्वतः सांभाळतात, व्याख्याही त्यांच्या. लुइझियानात पॅरिशनिहाय, म्हणजे तिथल्या जिल्ह्यागणिक.

मला जे म्हणायचंय ते इतकंच आहे : ज्या राज्याला माझ्याकडून वसुली करून हवी आहे, त्याने पत्ता आणि वस्तू दिल्यावर एक आकडा द्यावा, आणि त्या आकड्याची जबाबदारीही घ्यावी. पैठणी औपचारिक की रोजची याचं उत्तर पेनसिल्व्हेनियाने लिहून द्यावं. मी तो आकडा घेईन, पैसे पोचवीन. उत्तर माझ्याकडून आणि चुकलं तर दंडही माझ्याकडून, हे मला मान्य नाही.

---

डोंगरवाट (इलिनॉय)

हे म्हणणं रास्त आहे. न्या. रॉबर्ट्स यांनी विरोधी मतात नेमकं हेच मांडलं होतं. देशात विक्रीकर लावणारी दहा हजारांवर अधिकारक्षेत्रं आहेत असं त्यांनी लिहिलं आणि उदाहरण आमच्या राज्याचं दिलं : ट्विक्समध्ये पीठ असतं म्हणून तो खाद्यपदार्थ, स्निकर्समध्ये नाही म्हणून ती कँडी, दोघांचे दर निराळे. तुमच्या न्यू जर्सीचंही होतं. लोकर स्वेटरसाठी घेतली तर कर नाही, कलाकुसरीसाठी घेतली तर आहे.

गावाच्या बाजूने एक अडचण सांगतो. पिनकोडावरून दर ठरवला तर चुकतो. इथला झिप कोड टपालाच्या सोयीसाठी आखलेला आहे, त्याला गावाच्या हद्दीशी देणंघेणं नाही. आमच्याच झिप कोडमधली काही घरं गावाच्या हद्दीबाहेर आहेत, त्यांच्यावर गावाचा जादा स्थानिक कर लागत नाही. स्वस्तातली सॉफ्टवेअरं पाच आकडी झिप कोडच बघतात. पूर्ण पत्ता देऊन शोधणारं घ्या. इलिनॉयच्या महसूल खात्याच्या साइटवर पत्ता टाकून दर बघता येतो, तो फुकट आहे.

---

आकडेमोड (पुणे)

रानजाई, तुमच्या मुद्द्यात एक भर. जबाबदारी राज्याने घ्यावी हे पटतंच, पण गोळा केलेला कर वेगळ्या खात्यात ठेवा, हे मी प्रत्येक अशिलाला सांगतो. भारतात काय किंवा अमेरिकेत काय, तो पैसा सरकारचा असतो. धंद्याच्या खात्यात मिसळला की विणकराचं बिल आलं की त्यातूनच जातो. अमेरिकेत तर कंपनी बुडाली तरी असा गोळा करून न भरलेला कर मालकाकडून वैयक्तिकरीत्या वसूल करता येतो.

---

ओवी (टेक्सास)

हा धागा वाचनखुणेत ठेवला. अजून एक विचारायचं होतं. मी खणाच्या पिशव्या आणि तोरणं करते, आतापर्यंत ओळखीतच विकली. इथल्या मराठी लोकांच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनात स्टॉल घ्यायचा विचार आहे. तीन-चार दिवसांचा तर प्रश्न, आणि विक्री फार होणार नाही. त्यासाठीही त्या राज्याचा कर भरावा लागतो?

---

रानजाई (न्यू जर्सी)

ओवी, हो. स्टॉलवर उभं राहिलं की ते प्रत्यक्ष अस्तित्व, एक लाखाची मर्यादा तिथे लागू नाही. २०२४ चं अधिवेशन सॅन होजेला होतं, तेव्हा मी कॅलिफोर्नियाचा तात्पुरता विक्री परवाना घेतला होता. ऑनलाइन अर्ज, फी नाही. दर त्या जागेचा लावायचा, आपल्या घरचा नाही. आयोजकही परवान्याचा क्रमांक मागतात, म्हणून अर्ज आधीच करून ठेवा, तिथे गर्दीत करत बसू नका.

दर पाटीवर दिसेल असा लिहून ठेवा आणि किंमत सांगताना "करासह" की "कर वेगळा" ते आधीच सांगा. आपली माणसं शेवटी डॉलरभर वाढले की घासाघीस करतात, तेव्हा करासह किंमत लावलेली बरी. परत आल्यावर विवरणपत्र मुदतीत भरा, विक्री काहीच झाली नाही तरी.

दुसऱ्या राज्यात असेल तर त्या राज्याच्या महसूल खात्याच्या साइटवर तात्पुरत्या किंवा विशेष कार्यक्रमासाठीच्या परवान्याची माहिती शोधा. कुठलं राज्य ते इथे लिहा, त्या भागातलं कुणी असेल तर सांगेल. आणि तोरणांचे फोटो टाका ना.